खाऱ्यात झोपतं, गोड्यात उठतं

हसुराम घरताच्या डाव्या खांद्यापाशी, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत चिंचोक्याएवढी एक कुपी बसवली होती आणि ती दिवसातून चार वेळा त्याला औषध देत असे. सुई नाही, बाटली नाही, दवाखान्याची पायरी नाही. माणूस मिठागरात फावडं ओढत असो की ओटीवर पाय पसरून गप्पा छाटत असो, कुपी आपलं काम करून मोकळी व्हायची. मनगटावरच्या पट्टीत हिरवा ठिपका चमकला की समजायचं, डोस गेला. हसुरामला त्या ठिपक्याचं भारी कौतुक. वाफ्यांवर येईल त्याच्यापुढे तो मनगट धरी आणि म्हणे, "माजी पुतनी बसलीय यान. दिसातून चार येला इचारते, काका, कसा हायस?"

ही पुतणी म्हणजे दर्शना. कुपीतलं औषध नव्या मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत सात जणांनी मिळून घडवलं होतं आणि दर्शना त्या सातांतली एक होती. पण मोठीखार गावात हे कुणाला पटवून देणं अशक्य होतं. गावाच्या लेखी औषध दर्शनाचं आणि दर्शना गावाची. तिची आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. वडील बोटीवर, वर्षातून एकदा उगवणारे. तिला वाढवलं ते या काका-काकीने. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिच्या वाट्याला लाड आणि धपाटे दोन्ही भरपूर आले. तिला डॉक्टरेट मिळाली त्या दिवशी काकाने सबंध गावाला जेवण घातलं आणि काकीने, म्हणजे मथुराने, ती कशाची डॉक्टर झाली हे कुणी विचारलं की बेधडक "सगल्याची" असं सांगून टाकलं.

काकाच्या फुप्फुसात लिंबाएवढी गाठ निघाली तेव्हा कुपीच्या चाचण्या नुकत्याच माणसांवर सुरू झाल्या होत्या. बासष्ट रुग्ण घ्यायचे होते. हसुराम चौदावा. कुपी बसवून तो घरी आला त्याच रविवारी, कार्तिकातल्या भर दुपारी, त्याने स्वयंपाकघरात बैठक मारली आणि फर्मावलं, "आता सांग. माज्या आंगान तू काय सोरलंस?"

दर्शनाला समजावून सांगायची हौस होतीच. तिने काकीच्या पुढ्यातलं ताट ओढलं आणि मधोमध एक कांदा ठेवला.

"हा प्लॅटिनमचा अणू. धातू आहे, पण एकटा राहात नाही. चार बाजूंनी चार जणांना धरून बसतो." तिने कांद्याच्या एका अंगाला तिसऱ्यांचे दोन शिंपले ठेवले. "हे अमोनियाचे दोन रेणू. हे घट्ट. कधी सोडायचे नाहीत." दुसऱ्या अंगाला तिने दोन आमसुलं ठेवली. "आणि हे क्लोरीन. हे सुटणारे. अमोनिया एका बाजूला आणि क्लोरीन दुसऱ्या बाजूला, अशीच मांडणी हवी. समोरासमोर बसवले तर औषध फुकट. पुस्तकात याला समन्वय संयुग म्हणतात. आम्ही याला द्विहस्त म्हणतो."

"हात खय हायेत?" काकाने विचारलं.

"क्लोरीन सुटले की त्या दोन जागा मोकळ्या होतात. तेच हात. त्या हातांनी हे औषध गाठीच्या पेशीतला जनुकांचा धागा पकडतं. दोन जागी गच्च. मग ती पेशी वाढू शकत नाही, मरते."

"न वाटंन कुनाला धरत नाय?"

हा प्रश्न ऐकून दर्शना खूश झाली. तिच्या विद्यार्थ्यांना तो सुचायला दोन वर्षं लागत. "तीच तर गंमत आहे. आपलं रक्त खारट. त्यात मिठातलं क्लोराइड भरपूर. आजूबाजूला क्लोराइड असेल तोवर याचे क्लोरीन जागा सोडत नाहीत, औषध हात बांधून झोपून राहातं. पेशीच्या आत मात्र मीठ फार कमी. तिथे शिरलं की क्लोरीन गळतात, औषध जागं होतं. या जातीचं जुनं औषध सत्तर वर्षं वापरात आहे, पण ते उठायला आळशी. आम्ही अमोनियाच्या एका रेणूत थोडा फेरफार केला आणि क्लोरीनची पकड सैल केली. आमचं चटकन उठतं."

काकाने ताटाकडे बघत मान डोलावली. चाळीस वर्षं भरतीचं पाणी वाफ्यात घेऊन त्याचं मीठ करणारा माणूस तो. "म्हंजे खाऱ्यान झोपतं न गोऱ्यान उठतं," तो म्हणाला.

दर्शना थक्क झाली. आठ वर्षांचं काम या माणसाने एका वाक्यात गुंडाळलं होतं.

काकी इतका वेळ बोंबील साफ करत होती. तिने मान वर न करता विचारलं, "न रक्तानच मीट कमी आसलं, तं?"

"तर लवकर उठेल," दर्शना हसत म्हणाली. "पण तुमच्या घरात मीठ कमी पडायला समुद्र आटायला हवा, काकी."

तिघंही हसली. काकीही हसली.

संस्थेत दर्शनाने काकाचं वाक्य सांगितलं आणि ते सगळ्यांना इतकं आवडलं की रुग्णांना द्यायच्या माहितीपत्रकावर वरच मोठ्या अक्षरांत छापलं गेलं. शुद्ध करून : खाऱ्यात झोपतं, गोड्यात उठतं. बासष्ट घरांत ते पत्रक गेलं. काकाने आपलं पत्रक देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं आणि आपण लेखक झालो अशा तोऱ्यात आठवडाभर वावरला.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण दर्शना पुढे ती शंभरदा आठवणार होती. कुपीच्या पहिल्या आराखड्यात रक्तातलं क्लोराइड मोजणारा एक संवेदक होता. तो बॅटरी फार खायचा. तो काढावा की ठेवावा यावर बैठकीत तासभर काथ्याकूट झाला आणि शेवटी दर्शनाच म्हणाली की माणूस काही झालं तरी मीठ खातोच. रक्तातलं मीठ मूत्रपिंडं सांभाळतात, त्यावर पहारा कशाला? संवेदक काढला. कुपी आठ महिने चालू लागली.

पहिले दोन महिने दर पंधरवड्याला रक्त तपासलं गेलं. सगळं ठीक होतं. पण दोन महिन्यांनी छातीचं चित्र काढलं तर गाठ होती तेवढीच. काकीने दर्शनाला पडवीत गाठलं आणि विचारलं, "गाठ कमी कशाला होत नाय?"

"औषध अजून हवं तेवढं जागं होत नाहीये," दर्शना म्हणाली. तिला स्वतःलाच त्या चित्राने धक्का बसला होता, आणि समोरच्या माणसाला कळेल असं बोलायची तिला सवय होती. "धीर धर. पाणी मात्र भरपूर पाजत जा त्याला. दिवसाला तीन लिटर."

त्यानंतर नियमाप्रमाणे तपासणी घरच्या घरी पट्टीवर आली. पट्टी औषध मोजायची, नाडी मोजायची, ताप मोजायची. मीठ मोजायची नाही.

चौथ्या महिन्याच्या चित्रात गाठ अर्धी झाली होती. लिंबाची सुपारी. दर्शनाने ते चित्र मोठीखारला आणून दाखवलं तेव्हा काका ते घेऊन आळीभर फिरला. "येवरी व्हती, आता येवरीच ऱ्हायली," असं दोन बोटांत धरून दाखवत. काकीने देवापुढे दिवा लावला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली. दर्शनाला तिने त्या दिवशी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण आग्रह करकरून वाढलं. कालवण झकास झालं होतं. दर्शनासाठी ते वेगळ्या पातेल्यात काढून ठेवलेलं होतं. काकाला डॉक्टरांनी तिखट कमी सांगितलंय, म्हणून त्याचं निराळं, असं काकी म्हणाली, आणि त्यात शंका घ्यावी असं काहीच नव्हतं.

मग काकाला कमी ऐकू येऊ लागलं. आधी वाफ्यांवरच्या टिटव्या त्याच्यासाठी मुक्या झाल्या, मग काकीची हाक. प्लॅटिनमची औषधं कानावर जातात हे दर्शनाला ठाऊक होतं. तिने नोंद केली, डोस थोडा उतरवला. पण पंधरा दिवसांत काकाचे पाय सुजले, अन्न पोटात ठरेना, आणि एके सकाळी तो भिंतीला धरून उभा राहिला आणि आपण कुठे आहोत ते त्याला कळेना. रुग्णवाहिका आली. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात रक्त तपासलं. क्लोराइड शंभराच्या आसपास हवं, ते एकाहत्तर होतं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली होती.

एवढं मीठ गेलं कुठे, हे दर्शनाला उमजेना. हे औषध मूत्रपिंडांतून मीठ गळायला लावतं हे खरं, पण रोजचं जेवण ती गळती भरून काढतं. तिला संशय आला तो कुपीचाच. कुपी गळत असेल. तिने ती काढून घेतली, संस्थेत नेऊन तपासली, त्याच खेपेच्या इतर कुप्या फोडून बघितल्या, सहा महिन्यांच्या नोंदी चाळल्या. दोन दिवस ती धड बसली नाही. कुपीत तसूभरही दोष नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती रुग्णालयात परतली तेव्हा काकी व्हरांड्यातल्या बाकावर डबा उघडून बसली होती. काका आता तोंडाने काही घेत नव्हता, तरी काकी रोज त्याचा डबा आणायची. पहाटे उठून, दोन बस बदलून.

"खा," काकी म्हणाली. "तोंड बघ तुजं."

दर्शनाला भूक लागली आहे हे घास हातात घेतल्यावर कळलं. भात, आंबट वरण, सुक्या बोंबलाचं कालवण. पहिला घास तिने गिळला. दुसऱ्याला ती थांबली.

"काकी, मीठ विसरलीस."

"इसरली नाय," काकी म्हणाली.

दर्शना तिच्याकडे बघत राहिली. काकीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. तिच्या चेहऱ्यावर थकवा होता, पण त्या थकव्यात एक लपवलेला आनंदही होता, आणि तो बघून दर्शनाने हातातला घास डब्यात ठेवला.

"बोलनार नव्हती मी. नवस बोलून दाखवला का फल जातं. पन तुला सांगते. तू बोल्लीस ना, आवशद जागं होत नाय? त्या दिसापासून मीट सोरलं घरान. चिमूटभर नाय घातलं. सुकी मासली बी धुवून धुवून, पार पानचट करून. त्याला नाय तं मना बी नाय. तू यायचीस तवा तुजं तेवरं येगलं करायची."

"आणि काकाने खाल्लं?"

"पयल्याच घासाला कललं त्याना. मिटागरी मानूस तो. माज्याकरं बघितलं न खाली मान घालून जेवला. येकदा बी मीट मागलं नाय." काकीने डब्याचं झाकण पदराने पुसलं. "न बघ, गाठ आर्धी झाली. मीट सोरल्यानंच झाली ना?"

बाकावर उन्हाचा एक पट्टा पडला होता. दर्शना त्याकडे बघत होती आणि तिच्या डोक्यात सगळं आपोआप जुळत चाललं होतं. अळणी जेवण, वर दिवसाला तीन लिटर पाणी, वर मीठ गाळणारं औषध. रक्त दिवसेंदिवस गोडं होत गेलं. औषध गाठीपर्यंत पोचायची वाट न बघता रस्त्यातच उठलं, आणि मोकळ्या हातांनी जे सापडेल ते धरत सुटलं. कान धरले. मूत्रपिंडं धरली. गाठीत गेलं तेही भलतं जागं होऊन गेलं, म्हणून गाठ अर्धी झाली. काकीचा तर्क चुकलेला नव्हता. दर्शनाने शिकवलं तेवढं तिने अचूक शिकून घेतलं होतं. जे शिकवायचं राहिलं ते दर्शनाचं राहिलं होतं.

"सांग ना," काकी म्हणाली.

"हो," दर्शना म्हणाली. "त्यानेच झाली."

काकीने डोळे मिटून हात जोडले. मग काचेतून आत पलंगाकडे बघत तिने विचारलं, "त्या पिशवीन काय हाय?"

काकाच्या शिरेत थेंब थेंब मिठाचं पाणी चाललं होतं, त्याला चार महिन्यांत न मिळालेलं.

"पाणी," दर्शना म्हणाली.

नवव्या दिवशी हसुराम गेला. शेवटी त्याला काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे दोघींनी त्याच्याशी बोलण्याऐवजी त्याचे हात धरून ठेवले. त्या हातांना मिठाने चाळीस वर्षं खाऊन भेगा पाडल्या होत्या. दर्शनाला रडू फुटलं ते त्या भेगा बघून.

डबा उघडला त्या दुपारीच तिने संस्थेला कळवलं होतं. एकसष्ट पट्ट्यांवर निरोप गेला : जेवणात मीठ नेहमीसारखं ठेवा, रक्त तपासून घ्या. पत्रक मागे घेतलं. रक्तं तपासली तेव्हा आणखी दोन घरांत हेच चाललेलं निघालं. महाडच्या एका मास्तरांनी आणि वसईच्या एका आजींनी मीठ तोडलं होतं. दोघंही वेळेवर हाती लागली. संवेदक पुन्हा बसवायचं ठरलं. अहवालात दर्शनाने संवेदक कुणाच्या शब्दावरून काढला तेही लिहिलं आणि पत्रकातलं वाक्य कुठून आलं तेही. काकीचं नाव लिहिलं नाही. रुग्ण क्रमांक चौदा, आहारात मिठाचा अभाव, एवढंच. कागदावर एवढं पुरेसं होतं, आणि काकी काही अहवाल वाचणारी नव्हती. तिला नवरा गेल्याचं दुःख पुरे, त्यावर हे कशाला, असं दर्शनाने मनाशी ठरवून टाकलं. ठरवताना तिला फार बरं वाटलं, आणि तेवढ्यावरूनच आपण चूक करतोय हे तिला कळायला हवं होतं.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी, पारू म्हात्रे आली. पलीकडच्या आळीतली, काकीच्या वयाची, पोटातल्या गाठीसाठी पाच आठवड्यांपूर्वी तिलाही कुपी बसवलेली. दुखवट्याच्या घरी म्हणून तिने भाजी-भाकरी बांधून आणली होती. काकीजवळ ती बसली. मग दर्शनाकडे वळली.

"डाक्टरीनबाय, येक इचारायचंय. या पट्टीवर निरोप आला, मीट खा म्हनून. न ही मथुरा मना बोलते, मीट सोर. काल घरी यून माजा मिटाचा डबाच उचलून ठेवलान माल्यावर. आता कुनाचं आयकू मी?"

"माजं आयक," काकी म्हणाली. "पट्टीवर काय, रोज येतं कायतरी. हिच्या काकाची गाठ आर्धी झाली, मी डोल्यान बघलंय. मानूस गेला तो किडन्यांनी गेला, गाठीन नाय गेला. इचार हिला. हीच बोल्लीय मना, मीट सोरल्यान आर्धी झाली." तिने दर्शनाकडे पाहिलं. त्या नजरेत अपार विश्वास होता. "सांग तिला, दर्शू. माजा गेला तो गेला. हिचा संसार तरी ऱ्हाऊदे."

दर्शनाने पारूच्या मनगटाकडे पाहिलं. हिरवा ठिपका चमकत होता. मघाशीच डोस गेला असणार. आत कुठेतरी ते औषध आता पारूच्या रक्तातून निघालं होतं, आणि ते कुठे जागं होणार हे या घरात काय बोललं जातं त्यावर ठरणार होतं.

पारूला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. तिला वाटेत गाठता आलं असतं. हे सगळं तिला सुचलं. पण पारू घरी जाऊन मीठ खाणार, काकी ते बघणार, आणि उद्या तिसरीच्या घरचा डबा माळ्यावर चढणार.

"पारूमावशी, मीठ खा," दर्शना म्हणाली. "आजपासून. नेहमी खात होतीस तसंच. डबा खाली काढ. आणि दुपारी रक्त द्यायला माझ्याबरोबर चल."

पारूने मान हलवली. मग तिची नजर काकीवर गेली, आणि पुढचं काय ते तिला काकीच्याही आधी कळलं असावं, कारण ती पटकन उठली आणि ओटीवर जाऊन उभी राहिली.

काकी दर्शनाकडे बघत होती. रागाने नव्हे. शाळेतून आलेल्या पोरीने काहीतरी नवं शिकवावं आणि आपण ते नीट ध्यानात घ्यावं, तशी. पूर्वीही ती असंच ऐकायची, बोंबील साफ करता करता, मान वर न करता. आज मान वर होती.

"मी चुकीचं सांगितलं तुला," दर्शना म्हणाली. "कार्तिकात. मी हसले, काकी. तू बरोबर विचारलं होतंस, आणि मी हसले."

काकीने दाराबाहेर पाहिलं. बांधापलीकडे मिठाच्या राशी उभ्या होत्या, काकाने याच मोसमात ओढलेल्या. अजून कुणी उचलल्या नव्हत्या. उन्हात त्यांच्याकडे फार वेळ बघवत नाही, डोळ्यांना पाणी येतं. तरी ती बघत राहिली.

"मानसाला दिसाला किती लागतं?" तिने विचारलं.

"काय?"

"मीट."

दर्शनाला खोटं बोलता आलं असतं. तेही तिला सुचलं.

"चहाचा एक चमचा," ती म्हणाली.

काकीने आपला उजवा तळवा उघडला, त्याच्या खोलगट जागेकडे बघितलं आणि विचारलं, "येवरंच?"